मस्के सरांचा सोपान

इतिहासाच्या पेपरात "माहीत नाही" असं स्वच्छ अक्षरात लिहिणाऱ्या पोराला अर्धा मार्क देणारा मास्तर मी उभ्या नोकरीत एकच पाहिला. आमचे मस्के सर. मी गणिताची बाई, माझ्याकडे चुकलं ते चुकलं. एकदा स्टाफरूममध्ये मी तणतणले, "सर, हा काय धर्मादाय दवाखाना आहे का?" ते चष्मा पुसत शांतपणे म्हणाले, "बाई, ठोकून दिलेल्या उत्तरापेक्षा हे बरं. लेकरानं एक तरी खरी गोष्ट लिहिली ना."

वर्गातही तोच छळ. "ते फार थोर होते," असं कोणी म्हटलं की सर विचारत, "थोर काहून? तुला कोणी सांगितलं?" पोरगं म्हणे, पुस्तकात हाय. "मग पुस्तकवाल्याला कोणी सांगितलं?" पोरं हैराण. पाठीमागे सगळे त्यांना काहूनसर म्हणत, हे त्यांना ठाऊक होतं आणि मला वाटतं आवडतही होतं.

आमची शाळा सिद्धेश्वर धरणाच्या पट्ट्यातली. मी औंढ्याहून एसटीनं जायची, सर गावातच राहायचे. एके दिवशी त्यांनी नववीला विचारलं, आपल्या भागात पूर्वी होऊन गेलेल्या एका माणसाचं नाव सांगा. एकही हात वर आला नाही. राजांबद्दल विचारलं, तर पोरांनी सिनेमात राजा झालेल्या नटांची नावं धडाधड सांगितली. सर मधल्या सुट्टीत डबा न उघडता बसून राहिले. "ह्यांना वाटतं बाई, इतिहास सगळा लांब कुठं तरी घडला. आपल्या इकडं नुसती ढेकळं."

त्या संध्याकाळी ते गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडे जाऊन बसले. म्हाताऱ्याला आठवलं ते एवढंच. निजामाच्या काळात सोपान नावाचा एक धनगराचा पोरगा होता. मेंढरं घेऊन पूर्णेकाठी फिरायचा. पोलिसांनी त्याला एक दिवस उचलून नेलं, तो परत आला नाही. काहून नेलं, कोणाला ठाऊक न्हाई.

दुसऱ्या दिवशी सरांनी वर्गात सोपानची गोष्ट सांगितली. मी व्हरांड्यात उभी राहून ऐकली. सोपान घोंगडीच्या शिवणीत निजामाविरुद्धच्या चळवळीच्या चिठ्ठ्या लपवून नेत होता. नदीला पूर असताना कोकरू खांद्यावर घेऊन पलीकडे गेला. पकडल्यावर मार खाल्ला, पण एक नाव ओठांवर येऊ दिलं नाही. "माझी मेंढरं घरी पोचवा, मग मला न्या," एवढंच म्हणाला.  शेवटच्या बाकावरचा गणेश, ज्याला मी फळ्यापाशी बोलावून बोलावून थकले होते, तो चक्क रडत होता. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "सर, कोणी सांगितलं हे?" ते हसले. "बाई, कोरडं पीठ मळता येतं का? थोडं पाणी घालावंच लागतं."

त्यानंतर पोरं खरंच बदलली. आजी-आजोबांना प्रश्न विचारू लागली, जुन्या बारवा आणि पडके बुरूज बघून येऊ लागली. सर खूश. मीही खूश होते, खोटं कशाला बोलू?

वर्षं गेली. गणेशनं मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकलं, युवक मंडळाचा अध्यक्ष झाला आणि मंडळानं सोपानची जयंती करायची ठरवली. चौकात फ्लेक्स लागला. ज्याच्या हातात काठी असायची त्याच्या हातात तलवार, कोवळ्या पोराला झुबकेदार मिशा, मागे उगवता सूर्य. सर दुकानात गेले, मलाही सोबत ओढलं.

"गणेश, हा चेहरा कुठून आणला?"

"कॉम्प्युटरवर बनवला, सर. भारी झाला ना?"

"आणि जन्मतारीख?"

गणेश लाजला. "ती न्हाई सापडली. मग तुमचीच धरली."

सरांनी स्टूल पुढे ओढलं. मग म्हणाले, "बस इथं. नाव खरं हाय. त्याला नेलं हे खरं हाय. चिठ्ठ्या, पूर, कोकरू, ते सगळं मी घातलेलं हाय."

गणेशनं हातातला मोबाईल खाली ठेवला. चिडला नाही, तेच वाईट झालं. समजुतीच्या सुरात म्हणाला, "सर, पहिलं ही पोरं दारूच्या गुत्त्यावर बसून राहायची. आता चौथरा बांधून राहिलीत. ह्यांना काय सांगू, आपला सोपान खोटा हाय म्हणून? तुमी फक्त हार घालायला या."

"मी स्टेजवरून सांगतो," सर परतताना मला म्हणाले. "माझी चूक हाय, मीच निस्तरतो." मी म्हटलं, सांगून टाका, उगीच डोंगर होण्याआधी.

जयंतीच्या सकाळी मी त्यांच्या घरी चहा पीत होते, तेवढ्यात गणेशच्या मंडळातल्या पोरांनी एका म्हातारीला आणलं. गयाबाई. सोपानची धाकटी बहीण. मंडळानं तिला सत्कारासाठी शोधून काढलं होतं. असं कोणी जिवंत असेल, हे सरांच्या ध्यानीमनी नव्हतं. पोरं मंडप बघायला गेली तशी ती सरांसमोर खाली बसली. खुर्चीवर बसायला तयारच होईना.

"मी लई लहान होते, गुरुजी. गाव म्हणायचं, सोपान्यानं पाटलाचा मेंढा चोरला म्हणून नेला. माझी माय मरेपर्यंत मान वर करून चालली न्हाई. सासरी मला चोराची बहीण म्हणायचे. भांडण झालं की तेच. आता ही लेकरं म्हणून राहिली, तो देशासाठी गेला." तिनं पदरानं तोंड पुसलं. "खरं सांगा. तुमी कागदात वाचलं व्हय?"

मी कपातल्या चहाकडे बघत राहिले. सरांचा चेहरा मला बघवत नव्हता. त्यांचा आवाज तेवढा ऐकला.

"व्हय, मावशी. वाचलं."

संध्याकाळी ते सोपानच्या फोटोला हार घालून स्टेजवर बसले आणि एक अक्षर बोलले नाहीत. त्यानंतर वर्गात मी त्यांना "कोणी सांगितलं?" असं विचारताना कधी ऐकलं नाही. पोरांनी काहीही उत्तर दिलं तरी मान हलवत. निवृत्तीपर्यंत असंच चाललं, आणि एका चांगल्या मास्तराचं असं होताना बघून मला त्यांचा रागही यायचा आणि कीवही.

निवृत्त झाल्यावर त्यांनी फिरायला सुरुवात केली. हिंगोली, परभणी, थेट हैदराबाद. उर्दू वाचणारा माणूस सोबत घेऊन जुनी दप्तरं पालथी घालायचे. "एक कागद सापडला पाहिजे, बाई. एका चिठ्ठीचा उल्लेख मिळाला तरी बास." आधी गोष्ट रचलेला आणि मग तिला पुरावा शोधत उन्हातान्हात फिरणारा इतिहासाचा मास्तर, देवानं कोणाला असं दाखवू नये. चोरीचा कागद मिळाला नाही, चळवळीचाही मिळाला नाही. सोपानबद्दल कुठं काही नव्हतंच.

शेवटी ते नांदेडच्या दवाखान्यात होते. मी भेटायला गेले तेव्हा हात फार गार होता. म्हणाले, "बाई, माझ्याच्यानं झालं न्हाई. मी गेल्यावर पोरं सभा घेतील. तिथं तुम्ही सांगून टाका. तुमचं ऐकतील, तुम्ही हिशोबाच्या पक्क्या." मी हो म्हटलं. मरणाऱ्या माणसाला काय म्हणणार?

शोकसभा सोपानच्या चौथऱ्यापाशीच झाली. सरांच्या फोटोखाली "थोर इतिहास संशोधक" लिहिलेलं. गणेश बोलताना हमसून रडला. मी काय बोलायचं ते येताना एसटीत मनात घोळवलं होतं, वाक्यं तयार होती. पुढच्या सतरंजीवर गयाबाई बसली होती, मांडीवर तान्हं मूल. माझं नाव पुकारलं आणि मी तिच्या बाजूनं जायला निघाले, तर तिनं माझ्या साडीचा काठ धरला.

"नातवाचं लेकरू हाय, बाई. नाव सोपान ठेवलं. आमच्या घरात हे नाव घ्यायची आजवर कोणाची छाती झाली नव्हती. गुरुजीला दाखवायचं राहिलं बघा."

माईक हातात आला. मस्के सर फार चांगले शिक्षक होते, एवढं बोलून मी खाली बसले.

खरं काय ते मी इथे लिहिलं आहे, कारण कबूल केलं होतं. पण गावाचं नाव दिलेलं नाही, मस्के सरांचं आडनाव मस्के नाही, आणि त्या बाळाचं नावही सोपान नाही.