टपालमामांचा सोमवार

सरकारी टपाल मुद्दाम उशिरा पोचवणारा शिपाई मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि त्याची तक्रार करून त्याला मेमो मिळवून देणारी शहाणीही मीच. आता सत्तरी ओलांडल्यावर कबूल करायला माझं काही जात नाही. तेव्हा मात्र ती तक्रार मी सुवाच्य अक्षरात, कार्बन घालून, दोन प्रतींत लिहिली होती.

जालना जिल्हा नुकताच औरंगाबादेतून वेगळा झाला होता. पाट्यांचा रंग ओला होता आणि प्रत्येक खात्याकडे कोऱ्या कागदांचे गठ्ठे होते. मी बालविकासाच्या कामावर मुख्यसेविका म्हणून एका तालुक्याच्या गावी रुजू झाले. खांद्याला शबनम, नाकावर मोठ्या काचांचा चष्मा, पुण्याची समाजकार्याची पदवी, आणि दर दोन वाक्यांनी 'कुटुंब हा घटक' म्हणायची खोड. गावोगावच्या बायका ते ऐकून पदर तोंडाला लावायच्या. मला वाटायचं, भारावल्या.

आमच्या आवारात आरोग्य, शाळाखातं, पंचायत आणि आम्ही अशी चार दारं होती. चारही दारांचं गावोगावी जाणारं टपाल एकाच माणसाच्या सायकलीवरून जायचं, म्हणून ते टपालमामा. मूळचे परतूरकडचे. उंच, जरा पुढे वाकलेले, पायात टायरची चप्पल. लिफाफ्यावर खात्याचं नाव कितीही ठळक छापलेलं असो, मामा घराचं नाव तेवढं वाचायचे. कचेरीच्या साहेबांनी खात्यावार लावून दिलेला गठ्ठा ते बाहेर पायरीवर बसून सोडायचे आणि एका घरची पत्रं एका सुतळीत बांधायचे. मग त्या जुड्या पिशवीत टाकून शांतपणे चहाला जायचे.

या जुड्यांमधली सगळ्यात जाड जुडी गयाबाईची असायची. गयाबाई तीन कोसांवरच्या वस्तीवर राहायची, नवरा वारलेला, रोजानं कापूस वेचायला जाणारी. तिचा सात वर्षांचा संतोष पोलिओनं दोन्ही पायांनी अधू, मधली मंगल जन्मापासून बहिरी, आणि तान्ही इतकी हडकलेली की तिचं वजन नोंदवताना माझी सेविका आकडा बारीक काढायची. म्हणजे संतोषसाठी आरोग्याचं पत्र, मंगलसाठी शाळाखात्याचं, निराधार योजनेसाठी पंचायतीचं आणि तान्हीसाठी माझं. चौघांच्या तारखा चार.

"बाई, माय एक आन दारं चार," मामा मला म्हणाले होते. "मंगळवारी हितं, बुधवारी तितं. मंग तिनं रोजानं जावं कवा आन लेकरं कुणापाशी टाकावी? चार दिस बलावलं तर ती एक बी दिस येत न्हाई."

यावर मामांचा उपाय होता सोमवार. सोमवारी आमच्या गावचा बाजार. त्या दिवशी वस्तीवरून बैलगाडी यायची, गाडीत पोरांना बसायला जागा मिळायची. मामा पत्रं पिशवीतच ठेवायचे, मधल्या दिवसांत दारोदार फिरून तारखा सोमवारवर वळवून घ्यायचे आणि मग सगळी जुडी एकदम घरी देऊन सोमवारी यायला सांगायचे. डॉक्टरांपुढे उभे राहून सांगायचे, "तुमची गुरुवारची बाई सोमवारी येऊन राह्यली. बराबर नऊला." डॉक्टर करवादायचे, "दवाखाना मी चालवतो का तू?" मामा म्हणायचे, "तुम्हीच चालवता साहेब, म्हून तर तुम्हाला इचारून राह्यलो."

सोमवारी सकाळी कचेरीच्या लिंबाखाली मामा पोतं अंथरायचे. त्यावर तीन-चार आया बसायच्या. एकीचा अंगठा उमटेपर्यंत तिचं तान्हं मामांच्या खांद्यावर. कुणाला कुठल्या दारात आधी न्यायचं ते त्यांच्या डोक्यात पक्कं असायचं. दुपारी बारापर्यंत चारी कामं उरकून बाई बाजारातून मीठ-मिरची घेऊन गाडीला परत. हे सगळं मी दर सोमवारी खिडकीतून पाहत होते आणि मला त्यात फक्त एवढंच दिसत होतं, की शिपाई पोरं खेळवतोय.

त्या गावात माझ्याशी बोलणारे तेवढे एकटे मामाच होते, हे कळायलाही मला उशीर झाला. जीपमधून फिरणाऱ्या बिनलग्नाच्या बाईकडे कोण येणार? घरमालकीण पाणी आलं की नाही एवढं सांगायची. कचेरी सुटल्यावर खोलीवर जायचं, कंदील पुसायचा, एका माणसाची भाकरी थापायची. मामाही एकटेच. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही, कचेरीमागच्या खोलीत मुक्काम. संध्याकाळी ते दोन कप चहा आणायचे, एक माझ्या टेबलावर ठेवायचे आणि आपला घेऊन उंबऱ्यावर बसायचे. मग एकेका घराची गोष्ट. कुणाची सासू रातांधळी, कुणाचा दीर भांडकुदळ. मी ते ऐकता ऐकता फॉर्म भरायचे. एकदा त्यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "बाई, तुमचं कुटुंब कागदावर लई नीट बसलंय. घरात त्याला बसाया जागा न्हाई." मी हसले नाही. तेव्हा मी हसण्याच्या गोष्टींवर हसत नसे.

त्या वर्षी मामा एका पत्राची वाट पाहत होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, की जालन्याला वर्षातून एकदा शिबिर भरतं, तिथं संतोषच्या पायांना लोखंडी पट्ट्यांचे बूट मिळाले तर गुडघे सरळ राहतील, पोरगं चालेल. उशीर झाला तर गुडघे आखडतील, मग बूट घालून उपयोग नाही.

नेमका त्याच महिन्यात मी जावक रजिस्टर तपासायला घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं. चार तारखेचं पत्र बारा तारखेला पोचलेलं. सहा तारखेचंही बाराला. मला वाटलं, सरकारी यंत्रणेतली गळती मी शोधून काढली. मामांना काही न विचारता सरळ साहेबांकडे तक्रार दिली. आठ दिवसांत मेमो निघाला. मामांची सायकल दुसऱ्या शिपायाकडे गेली आणि मामा साहेबांच्या दाराबाहेर स्टुलावर बसले. घंटी वाजली की उठायचं, पाणी द्यायचं.

त्या संध्याकाळीही चहा आला. मामांनी कप ठेवला, "च्या," म्हणाले आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशीही तेवढंच. उंबरा रिकामा. मी स्वतःला बजावलं, शिस्त लावायची तर थोडा एकटेपणा येणारच. काय वाक्य आहे. वहीत लिहूनसुद्धा ठेवलं होतं.

आता टपाल कसं, ज्या दिवशीचं त्या दिवशी पोचू लागलं. अशात जिल्ह्याचे साहेब आमच्या कामाची पाहणी करायला येणार म्हणून निरोप आला. हडकलेली मुलं आयांसकट कचेरीत हजर दिसली तर छाप पडेल, म्हणून मी चाळीस पत्रं काढली आणि प्रत्येकाखाली हातानं ओळ घातली : 'न चुकता हजर राहावे.'

चाळीसच्या चाळीस आया आल्या. गयाबाई तर नऊच्या आधीच तान्हीला घेऊन लिंबाखाली बसलेली. मी रजिस्टर छातीशी धरून मोजत फिरत होते. इतक्यात मामा स्टुलावरून उठून सरळ तिच्याकडे गेले. वाकून काहीतरी विचारलं आणि तिथंच खाली बसले. मी जवळ गेले तेव्हा त्यांच्या हातात दोन पत्रं होती.

"बाई, शिबिर आज हाय," ते म्हणाले. "जालन्याला. आज."

गयाबाई घाबरून माझ्याकडे पाहत होती. तिनं दोन्ही पत्रं गुरुजींकडून वाचून घेतली होती. शिबिराच्या पत्रात 'उपस्थित राहावे' होतं, माझ्यात 'न चुकता'. "मास्तर म्हनले, ह्ये कडक हाय," ती सांगू लागली. "म्या म्हनलं, न्हाई गेलं तर बाई रागं भरतील. संतोषला घरी ठिवून आल्ते."

पोरगं तीन कोसांवर वस्तीवर. जीप जिल्ह्याच्या साहेबांना आणायला गेलेली. शिबिर दुपारी संपणार. मामांनी ते माझ्याइतक्याच वेळात मोजलं असणार. पत्रांच्या घड्या घालून तिच्या हातात दिल्या आणि घंटी वाजली म्हणून आत गेले. जिल्ह्याच्या साहेबांनी उपस्थितीबद्दल माझं कौतुक केलं. तान्हीचं वजन मागच्या महिन्याएवढंच भरलं.

पुढच्या वर्षीच्या शिबिराला मामांनी हक्काची रजा काढली. मी म्हणाले, मीही येते. त्यांनी जरा विचार केला. "या. पर फारम आनू नका." संतोष वर्षभरात वाढला होता, तरी मामांनी त्याला जालन्याच्या स्टँडपासून खांद्यावर नेलं. मी मागून त्याची कोरी चप्पल घेऊन चालत होते. आईनं हौसेनं घेतलेली, तळ न मळलेली.

डॉक्टरांनी डावा गुडघा दाबून पाहिला, मग उजवा, मग पुन्हा उजवा. डाव्याला बूट बसेल म्हणाले. उजवा आखडला, गेल्या वर्षी आणायला हवं होतं. मी तोंड उघडलं, माझी चूक सांगावी म्हणून. मामांनी माझ्या आधी सांगून टाकलं, "कागदाचा घोळ झाला साहेब."

परतीच्या बसमध्ये संतोष आम्हा दोघांच्या मांडीवर आडवा झोपला होता. मी म्हणाले, "मामा, मेमो मागं घ्यायला मी अर्ज करते."

"राहू द्या," ते म्हणाले. "मेमोनं माझं काय न्हाई गेलं. तुम्ही मला आधी इचारलं आस्तं, तर मी सांगितलं आस्तं. रोज तर बोलत व्हतो."

त्यानंतर सायकल त्यांना परत मिळाली आणि जुड्याही पुन्हा सुरू झाल्या. उशिरा पोचलेल्या पत्रांपुढे आता माझी सही असायची. मामा उंबऱ्यावर पुन्हा बसू लागले, पण घरांच्या गोष्टी सांगताना मध्येच थांबायचे, माझ्याकडे बघायचे आणि पुढचं गिळून टाकायचे. ते गिळलेलं मी कधीच विचारू शकले नाही. दोन वर्षांनी ते निवृत्त झाले. शाल घेतली, नारळ घेतला, पिशवीत घातला आणि बहिणीकडे परतूरला निघून गेले. सोमवारचं पोतं मी अंथरू लागले. बायका आवाराच्या फाटकातून विचारायच्या, "मामा हायत का?" नाहीत म्हटलं की निम्म्या तिथूनच वळायच्या.

पुढे माझं लग्न झालं, बदल्या झाल्या, बढत्या मिळाल्या. परतूर काही लांब नव्हतं. पण मी गेले नाही. तुम्हाला वाटेल, वेळ मिळाला नाही. वेळ होता.

दोन हजार सालानंतर कधीतरी जालन्याच्या स्टँडवर बस बदलताना फोन करायला मी एका एसटीडीच्या टपरीत शिरले. बाहेर बसलेली म्हातारी माझ्याकडे टक लावून पाहत होती. "बाईच न्हाई का?" गयाबाई होती. मंगलचं लग्न झालं होतं, तान्ही नर्सिंग शिकत होती, आणि अपंगांच्या कोट्यातून मिळालेली ही टपरी संतोषची.

मी विचारलं, "मामा कसे आहेत?"

"मामा गेल्याला तीन वर्सं झाली की. संतोष गेल्ता मातीला."

"मला कुणी कळवलं नाही."

"तुमचा पत्ता कुनापाशी व्हता?" तिनं साधेपणानं विचारलं.

आतून संतोषनं हाक दिली, "कोन हाय गं माय?" माझ्याबद्दल तिला काय काय सांगता आलं असतं. मनात साठवायला तिच्याकडे वीस वर्षं होती.

"ह्या बाई," ती म्हणाली. "मामाच्या आफिसातल्या."

"मामाच्या?" संतोष उठला. डाव्या पायाचा बूट वाजला, उजवा पाय गुडघ्यात दुमडलेलाच होता. काठी टेकत तो बाहेर आला आणि आपलं एकुलतं एक स्टूल हातानं पुसून माझ्यापुढे सरकवलं. मी नको नको म्हणत होते. "बसा वो," तो म्हणाला, "मामाची मान्सं उभी ऱ्हात्यात व्हय?"

मग मी बसले. बस लागायला अर्धा तास होता. तेवढा वेळ तो माझ्यासमोर काठीवर रेलून उभा राहिला, मामांच्या आठवणी सांगत, आणि मी मान वर करून ऐकत राहिले.