चारुदत्तच्या तीन बरगड्या आणि करडा घोडा

सातासमुद्रापलीकडच्या गुंगालिन गावात राहणारा चारुदत्त म्हणजे घरात सरडा शिरला की सोफ्यावर चढून बायकोला हाका मारणारा वीर. हा माणूस दर चंपाषष्ठीला गाडी हाकत डोंगरात जाई, रानघोडे बघायला. इथे त्यांना ब्रम्बी म्हणतात. कुलदैवत खंडोबा, देवाचा घोडा पुण्याहून आणता येत नाही, म्हणून ही त्याने काढलेली सोय.

यंदा तो आणि बायको विनीता माळावर पोचले, तेव्हा दोन घोडे एकमेकांच्या जिवावर उठले होते. मागच्या पायांवर उभे राहून टापांनी डोकी फोडत होते. काळ्याने करड्याचा कान दातांत धरून फाडला. रक्ताची चिळकांडी गवतावर उडाली. करड्याने गिरकी घेऊन दोन्ही लाथा अशा हाणल्या, की जबडा मोडल्याचा आवाज बंद काचेतून गाडीत आला. काळा कोसळला. करड्याने त्याची मान चावून त्याला फरफटवलं, तेव्हा कुठे तो रक्त ओकत पळाला. मग करडा आपल्या घोड्या-शिंगरांपुढे धापा टाकत उभा राहिला.

चारुदत्तचे डोळे भरून आले. “विनीता, साक्षात देव गं!”

“मग लांबून हात जोड. चारू, उतरू नकोस!”

पण स्वारी उतरली. एका हातात भिजवलेल्या हरभऱ्यांचा डबा, दुसऱ्यात भंडारा. घोडा थबकला. तेवढ्यावर थांबायचं, तर याने “येळकोट येळकोट!” अशी आरोळी ठोकून मूठभर हळद त्या फाटक्या कानावर आणि नाकपुड्यांत उधळली.

पुढचं फार वेळ चाललं नाही. पहिल्या लाथेत तीन बरगड्या गेल्या. खाली पडल्यावर दातांनी खांद्याचा लचका निघाला. विनीताने हॉर्न दाबून धरला म्हणून घोडा मागे हटला.

तिसऱ्या दिवशी रेंजर किथ हॉस्पिटलात आला. त्याने करड्याचा फोटो पुढे धरला. “हाच ना? या तक्रारीवर सही कर, मेट. सोमवारी गोळी घालतो.”

“कशाला?”

“माणसावर हल्ला केला. शिवाय यांच्या टापांनी ओढ्यांचे काठ तुडवले जातात.”

“मग जिवंत पकडा, कुरणांत पाठवा, पिल्लं कमी होतील असं बघा! पण माझ्या बरगड्यांच्या नावावर नको.” बोलताना छातीत कळ आली, तरी तो थांबला नाही. “दीडेकशे वर्षं बर्फात, कुणाचा चारा न खाता जगलेत हे. आपल्या पोरांनी मोकळा घोडा कुठे बघायचा, स्क्रीनवर? त्याने घर राखलं. घुसलो मी.”

“हे लिहून देशील? चूक तुझ्यावर येईल.”

“आणि ऑफिसात सगळे हसतील,” विनीता म्हणाली.

“हसू देत.”

उजवा हात गळ्यात अडकवलेला, म्हणून डाव्या हाताने त्याने लिहिलं: ‘घोडा जखमी होता. घोड्यांजवळ जायची बंदी मोडून मी पुढे गेलो आणि त्याच्या तोंडावर हळद फेकली. घोडा निर्दोष आहे.’

किथने दोनदा वाचलं. फोटो फायलीत परत ठेवला. “राहील तो. पण तुला दोन वर्षं त्या माळावर बंदी.”

“दोन वर्षं?” चारुदत्त कळवळला.

“तीन करा,” विनीता म्हणाली.