मुक्ताचं पोट आणि आम्ही सगळे

परवा ऑफिसात लंचला एका मैत्रिणीने विचारलं, "मुक्ता कशी आहे गं?" मी म्हटलं, "बरी आहे," आणि एक किस्सा सांगितला. मग दुसरा. सगळ्यांचे डबे धुऊन झाले, तरी माझं चालूच! आजारपण लांबलं ना, की हे असे किस्से साठत जातात. सांगून टाकले नाहीत तर घरात ठेवायला जागा नाही.

मुक्ता माझी मुलगी. वय वर्षं अकरा. तिच्या मोठ्या आतड्याला सूज आहे आणि लिव्हरमधून पित्त नेणाऱ्या नळ्यांनाही. दोन्ही आजार मुक्कामालाच आलेत. औषधं घेतली की गप्प बसतात, पण जात नाहीत.

*

मुलुंडला आमच्या सोसायटीत बातमी फुटली तेव्हा समोरच्या काकू धावत आल्या. "लिव्हर? अगं बाई! पण लिव्हर तर पिणाऱ्यांचं जातं ना?" असं म्हणून त्यांनी माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. नितीन बिचारा चहासुद्धा अर्धा कप घेतो! पण त्या दिवसापासून त्याच्या हातात पिशवी दिसली की काकूंची मान लांब व्हायची.

शेवटी त्यांनी लिफ्टमध्ये मुक्ताला एकटीला गाठलं. आवाज खाली आणून म्हणाल्या, "बाळा, खरं सांग, घरात घेतं कोण?"

मुक्ता म्हणाली, "मीच घ्यायचे, काकू. आता सोडली."

*

एकदा शीचा नमुना लॅबमध्ये द्यायचा होता. थंड ठेवायचा म्हणून डबीभोवती बर्फाच्या पिशव्या रचल्या आणि सगळं नितीनच्या टिफिनबॅगेत घातलं. लॅबसमोर रिक्षातून उतरलो, रिक्षा गेली, आणि लक्षात आलं की बॅगही गेली!

"आई, आता माझ्याकडून लगेच परत होणार नाही हां! सांगून ठेवते," मुक्ता म्हणाली.

तेवढ्यात ती रिक्षा यू-टर्न मारून परत आली. रिक्षावाला बॅग उंच धरून पळत आला. "मॅडम, डब्बा छूट गया! बच्ची का है ना?"

मी लाजेने अर्धमेली. मुक्ताने बॅग दोन्ही हातांनी घेतली. "थँक यू, भैया. मेरा ही है."

"टाइम पे खा लेना, बेटा!" तो जाता जाता ओरडला.

*

यंदा शाळेत वर्गशिक्षिका नव्या आल्या. गणिताच्या तासाला मुक्ताने टॉयलेटला जाऊ का विचारलं. बाई म्हणाल्या, "तास संपतोच आहे. थांब जरा."

"मी थांबेन, टीचर. पोट नाही थांबणार," असं म्हणून ही बया सरळ निघून गेली!

मला बोलावणं आलं. मी आजार समजावून सांगितला, तर बाईंना इतकं वाईट वाटलं की त्यांचेच डोळे भरले. त्यांनी दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गाला सांगून टाकलं, "मुक्ताला कोलायटिस आहे. तिने परवानगी मागायची नाही, उठायचं आणि जायचं."

आठवड्याभरात त्यांचा फोन. "मुक्ताची आई, हे संसर्गजन्य नाही ना हो?"

"नाही हो. का?"

"अर्ध्या वर्गाला झालंय! आणि फक्त गणिताच्या तासाला होतं."

*

माझे सासरे, म्हणजे आबा, मालवणचे. उभी हयात मिलमध्ये गेली. मुक्ताची पहिली कोलोनोस्कोपी होती, म्हणजे आतड्यात नळीने बघतात ती तपासणी. त्याआधी पोट साफ करायला मोठा जग भरून पाणी प्यावं लागतं, तेही खारट औषध घातलेलं. दुसऱ्या ग्लासाला मुक्ताने तोंड घट्ट मिटलं. रडायला लागली. मी समजावलं, नितीनने नवीन सायकल कबूल केली. काही नाही!

आबा खुर्चीतून उठले. "चेडू एकटाच पितला? माकाव दी एक गिलास."

"अहो आबा, ते जुलाबाचं आहे!"

"दी म्हणतंय ना!"

मग काय, चिअर्स करून दोघं प्यायली. मुक्ताने सगळं संपवलं. पण आमचा फ्लॅट वन बीएचके, टॉयलेट एकच! तासाभराने मुक्ता त्या दारावर दोन्ही मुठी आपटत होती.

"आबा, बाहेर या! स्कोपी माझी आहे!"

*

गेल्या वर्षी तिचे डोळे पिवळे झाले, ताप चढला, ॲडमिट करावं लागलं. घरी सोडताना डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "आत्ता नाही, पण पुढे कधीतरी लिव्हर बदलावं लागू शकतं."

त्या संध्याकाळी जेवताना नितीन नुसता भात चिवडत होता. तेवढ्यात आबा म्हणाले, "माझा घ्या."

"आबा, तुमचं वय झालं. ह्या वयात घेत नाहीत," नितीन म्हणाला.

"मगे काय झाला? जल्मभर मिलीत उभो रवलंय. लिव्हर घट्ट आसा!"

मुक्ताने विचारलं, "आबा, तुमचं लिव्हर लावलं तर मला मालवणी बोलावं लागेल?"

"बोलाकच लागतला!"

आम्ही सगळे हसलो, आणि विषय तिथेच राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर आबांची तंबाखूची चंची कचऱ्याच्या डब्यात. सगळ्यांनी इतकी वर्षं सांगून जे झालं नव्हतं ते झालं! मी विचारलं, तर पेपरातून डोकंही वर न काढता म्हणाले, "माल बरो ठेवूक होयो."

*

आणि हा मागच्या महिन्यातला. ओपीडीत नेहमीसारखे बाकावर बसलो होतो. शेजारी गोवंडीहून आलेला एक बाप, मांडीवर चार वर्षांची मुलगी. तिला हाच आजार निघालेला, नुकताच. तो आमच्याकडे सारखा बघत होता. मला विचारायचा त्याला धीर होईना बहुतेक, म्हणून मुक्ताकडे वाकून म्हणाला, "बाळा, बरं होतं का गं हे?"

मी उत्तर द्यायला पुढे वाकले.

मुक्ताने थोडा विचार केला. "ते मला नाही माहीत, काका. पण शनिवारी आमचं गॅदरिंग आहे. मी पहिल्या लाइनीत नाचतेय."

ती छोटी बापाच्या मांडीवरून घसरत खाली उतरली. मुक्तासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "दाखव."

मुक्ताने कोपरावरचा रक्त काढल्याचा कापूस उपटला, माझ्या हातात ठेवला आणि ओपीडीच्या मधोमध जाऊन उभी राहिली.