जखमेचा रकाना

गोमाबाय भेटली की आधी "कसा आहेस" असे विचारत नसे. तिची दोन बोटे थेट आपल्या हनुवटीखाली यायची. मग कानामागे, मग मानेच्या कडेने खाली. बोटे खरबरीत होती, पण स्पर्श इतका हलका की गुदगुल्या व्हायच्या. एवढे झाले की ती निकाल द्यायची. "नामा, तुजी उजवी दाढ किडलीय. गूल खातंस ना चोरून?" दाढ खरोखरच किडलेली असे. शेजारच्या मुलीच्या कानामागे चाचपून एकदा म्हणाली, "आयला सांग, फनी कर. उवांनी डोकं फोडलंय तुजं."

कळव्याच्या खाडीकाठी मिठागरात राबणाऱ्यांची आमची वस्ती होती. गोमाबाय तिथली सुईण. मलाही या जगात तिनेच आणले. तिला अक्षर येत नव्हते. पण अंगात बारीक गाठी कुठे कुठे आहेत आणि कोणती गाठ कुठला पहारा करते, हे तिला पाठ होते. तोंडाचा पहारा हनुवटीखाली, डोक्याचा कानामागे, हाताचा काखेत आणि पायाचा जांघेत. मिठागरात पाय फुटतात, भेगांत घाण शिरते आणि जांघेत अवधाण येऊन गाठ ठसठसू लागते. बायका गाठ शेकत बसत. गोमाबाय म्हणे, "गाठ नुसती वरडते. चोर पायात हाय. आदी पाय दाव."

पुढे मी बी. ए. झालो, आमच्या वस्तीत पहिलाच. कॉलेजच्या ग्रंथालयात शरीरशास्त्राचे एक जाडजूड पुस्तक उघडले, तर त्यात या गाठींचे चित्र होते. तिच्या साऱ्या चौक्या जागच्या जागी होत्या. मी बराच वेळ त्या पानावर हात ठेवून बसलो.

त्याच्या कितीतरी आधी, मी मॅट्रिक झालो त्या वर्षी, प्लेग मुंबईहून ठाण्यापर्यंत आला. तरीच्या धक्क्यावर तपासणीचा नाका बसला. होडीतून उतरणाऱ्या प्रत्येकाच्या काखा आणि जांघा चाचपायच्या. ताप आणि गाठ सापडली की प्लेगच्या छावणीत रवानगी. तिकडे गेलेला माणूस परत येईल अशी आशा कोणी धरत नसे. मला तिथे नोंदवही लिहिण्याचे काम मिळाले. बायकांना पडद्याआड तपासायला कोणी बाई मिळेना, तेव्हा मी गोमाबायचे नाव सुचवले. नाक्यावरचे डॉक्टर तरुण, नुकतेच पास झालेले आणि नियमाला अगदी घट्ट धरून चालणारे होते. ते तिला "बाई" म्हणत, ती त्यांना "दागतर".

एका सकाळी ती पडद्याबाहेर आली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "दागतर, जांगेत गाठ. ताप हाय." मग जरा थांबून, "नामाची आय हाय."

माझा टाक हातातच राहिला. आई पलीकडे मावशीकडे गेली होती, ती परतत होती. डॉक्टर आत जाऊन आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "नियम सर्वांना सारखा आहे, नामदेव. लिहा."

"लिवू नको रं! दागतर, तुमी गाठ बगितली. वाट बगितली का?"

"कसली वाट?"

"चोर आला ती."

तिने त्यांना परत आत नेले. मीही मागे गेलो. आईच्या टाचेवर वाळलेल्या चिखलाचा पापुद्रा होता. गोमाबायने तो धुतला. खाली बुजलेली, सुजलेली भेग होती. तिथून एक तांबूस रेघ घोट्यावरून निघून पोटरीच्या आतल्या अंगाने वर चढली होती. गोमाबायचे बोट तिच्यावरून गुडघ्यापर्यंत गेले. "म्होरं लुगडं हाय. दागतर असाल तर समजून घ्या."

डॉक्टर खाली बसले. "कातडीखालच्या या नळ्या मी पुस्तकातल्या चित्रात पाहिल्या होत्या," ते म्हणाले. "यांतून रक्त नाही, पाण्यासारखी पातळ लस वाहते आणि ती त्या गाठीत जाते. जिवंत माणसावर ही वाट आजच पाहतो आहे."

त्यांनी टाचेला छेद दिला. पू आला आणि त्यातून कालवाच्या शिंपीची एक कपची. पुवाचा थेंब काचेवर पसरून, त्याला निळा रंग देऊन त्यांनी ती काच आपल्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. मग मला डोळा लावू दिला. फिकट गोल कणांची तिथे नुसती दाटी होती आणि कित्येकांच्या पोटात गडद ठिपके होते.

"ठिपके म्हणजे जंतू. प्लेगचे वाटत नाहीत," डॉक्टर म्हणाले. "ते गोल कण आपल्याच रक्तातले. ते जंतूंना गिळतात, असे नवे शास्त्र सांगते."

गोमाबायने पदर सावरून सूक्ष्मदर्शकाच्या नळीला डोळा लावला. कितीतरी वेळ ती हललीच नाही. "ह्ये समदे हिच्या अंगातले? यांना कोनी बोलावलं रं?"

"कोणी नाही, बाई. आपणच धावून येतात."

"आनि आपन रडतो, आपल्याला कोन नाय म्हनून."

तरी डॉक्टर खात्री द्यायला तयार नव्हते. तीन दिवस आईला धक्क्यावरच्या रिकाम्या खोपीत ठेवायचे, ताप वाढला तर छावणी, असे त्यांनी ठरवले. जवळ कोण राहणार?

"मी," गोमाबाय म्हणाली.

"आणि प्लेगच निघाला तर?"

"तर मना पन लिवा."

तिसऱ्या दिवशी आईचा ताप उतरला. त्या दुपारी डॉक्टरांनी पट्टी घेऊन नोंदवहीत, "गाठ" या रकान्याच्या पुढे, स्वतः एक नवा रकाना आखला: "जखम". त्यानंतर वाट तपासल्याशिवाय आमच्या नाक्यावरून कोणालाही छावणीत पाठवले गेले नाही. त्या रकान्यामुळे कितीतरी माणसे आपापल्या घरी गेली.

पुढच्या हिवाळ्यात प्लेग पुन्हा आला. एका सकाळी गोमाबाय आली ती माझ्या टेबलापासून दहा हातांवरच थांबली. बोटे हनुवटीखाली आली नाहीत. उजव्या हाताची तीच दोन बोटे तिने डाव्या हाताच्या नखांवर ठेवली आणि मनगट, कोपर करत काखेपर्यंत नेली.

"सगली वाट बगितली रं. दोनदा. चोर दिसंना."

मी उठलो.

"जवल येऊ नको! बस खाली. लिव."

मी बसलो. नाव लिहिले. गाठ, डावी काख. मग तिच्यामुळे वहीत आलेल्या त्या रकान्यापाशी टाक थांबला.

"लिवलंस?"

"लिहिले."

"काय?"

"जखम नाही."

"बरोबर," ती म्हणाली आणि कोणी धरून न्यायच्या आधीच छावणीच्या वाटेला लागली.