देवणी: गाव की बैल?

ती घटना आजही आठवते, असं मी म्हणायची गरजच नाही. घरात कुणी मला ती विसरूच देत नाही. पोळ्याला फोनवर बैलांचे फोटो येऊ लागले की नात विचारते, "आजी, यातला आरोपी कोणता?"

तेव्हा मी नांदेड जिल्ह्यात गुन्हे शाखेत निरीक्षक होते. गुन्ह्यांच्या नोंदींचं विश्लेषण करणारं सॉफ्टवेअर नुकतंच आलं होतं. प्रश्न विचारायची सोय त्याच्या आतच होती. रकाना निवडायचा, अट घालायची, बटण दाबायचं. समोर नकाशा आणि त्यावर लाल ठिपके. याला क्वेरी म्हणतात. त्याचं प्रशिक्षण घेऊन परतले ती अशा तोऱ्यात, जणू ते सॉफ्टवेअर माझ्या माहेरचंच. हवालदारांनी "चहा?" म्हटलं तरी मी म्हणायची, "क्वेरी पूर्ण विचारा. कुणाला, किती, साखर आहे की नाही." आज ती तोऱ्यातली बाई मला भेटली तर आधी तिला खाली बसवून पाणी पाजीन.

मुखेडच्या बाजूला त्या काळात बैलचोऱ्यांनी कहर केला होता. जायचे ते नेमके देखणे, प्रदर्शनात मिरवणारे बैल. अशीच एक शेतकरी बाई थेट माझ्या कार्यालयात आली. वासरापासून वाढवलेला तिचा नवाब गेला होता. खुर्ची दिली तरी बसेना.

"मॅडम, दुसऱ्याच्या हातचं त्यो तोंडात घेत न्हाई. उपाशी मरंल."

"मावशी, तपास चालू आहे."

"तपास चालतोय ते ठीक हाय. बैल कुठं चालतोय ते सांगा."

तिचं खरं होतं. जनावर एकदा कर्नाटकात किंवा तेलंगणात उतरलं की हाती लागणं कठीण. मी संगणक उघडला. गुन्हा: बैलचोरी. मग आसपासच्या प्रत्येक तालुक्याचं नाव नोंदींत किती वेळा येतं ते विचारलं. नकाशाऐवजी खांबांचा आलेख आला. देवणीचा खांब पडद्याच्या वर जाऊन टेकला!

देवणी लातूर जिल्ह्यात. शेजारच्या जिल्ह्याची टोळी आपण उघडी पाडावी, यापेक्षा मोठा आनंद आमच्या खात्यात नाही. मी लातूरच्या अधिकाऱ्यांना फोन लावला. "साहेब, टोळी तुमच्याकडं बसलीय." तेवढ्यात खबऱ्यानंही सांगितलं की देवणीचा एक बैलांचा दलाल मुखेडच्या बाजारात सारखा फिरतो. झालं! दलालाला चौकशीला बोलावलं.

मी ऐटीत पडदा त्याच्याकडे फिरवला. "बघा. प्रत्येक चोरीत देवणी."

त्यानं खांब पाहिला, मला पाहिलं. "मॅडम, चोरीला गेला त्यो बैल देवणी. मी देवणीचा. उद्या कुणाची जर्सी गाय गेली तर परदेशातून माणूस उचलून आणणार का?"

दाराशी उभे असलेले हवालदार एकदम भिंतीवरचा पंखा न्याहाळू लागले.

देवणी हे गाव आहे आणि बैलांची जातही, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला माहीत. प्रत्येक फिर्यादीत लिहिलेलं, 'देवणी जातीचा बैल'. मी मात्र क्वेरीत 'घटनास्थळ' हा रकाना न निवडता 'सर्व रकाने' निवडलं होतं. माझ्या बापाच्या गोठ्यात देवणी गाय होती हो! तिचं दूध पिऊन मोठी झालेली मी, तिच्या नावावर गुन्हेगारी मांडून बसले. दलालाची माफी मागितली, चहा पाजला आणि त्याला जाऊ दिलं.

मग दार लावून नव्यानं बसले. रकाना फक्त घटनास्थळाचा. देवणीचा खांब जागीच कोसळला; ठिपके मुखेडच्या भोवतालच्या गावांत विखुरले. पुढं वार विचारला. जवळजवळ सगळ्या चोऱ्या मुखेडच्या बाजाराच्या दिवशी! वेळ विचारली, तर भर दुपार. आणि आम्ही बॅटऱ्या घेऊन रात्रीची गस्त घालत होतो. घरचे बाजाराला गेले की गोठा मोकळा, हे चोरांना कळलं होतं, आम्हाला नाही.

आता शेजाऱ्यांच्या जबाबांत शब्द शोधू लागले. 'अनोळखी', काही नाही. 'मोटारसायकल', काही नाही. भर दुपारी परक्या गोठ्यात बिनधास्त कोण शिरेल? 'लस' टाकलं आणि ओळीमागून ओळ उजळली. "कुणी आलं न्हाई, लसीचा टेम्पो तेवढा आलता." वेगवेगळ्या ठाण्यांत घेतलेले जबाब, शेजारी ठेवून कुणी वाचलेच नव्हते. मी खुर्चीतून अशी उठले की खुर्ची मागं पडली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी एका देखण्या बैलाच्या गोठ्यावर साध्या कपड्यांत सापळा लावला. डोक्यावर पदर घेऊन मी गोठ्याच्या दारात बसले, हवालदार कडब्याच्या गंजीआड. पशुलसीकरणाचं फडकं लावलेला टेम्पो आला. दोघं उतरले आणि 'बैलाला लस टोचायचीय' म्हणत थेट दावं सोडू लागले.

"कसली लस म्हणायची, भाऊ?"

"सरकारी हाय, मावशी."

"हाव, पण कसली?"

त्यानं जोडीदाराकडं पाहिलं. जोडीदार छाती काढून म्हणाला, "पोलिओची."

शिट्टी वाजायच्या आधी गंजीआडून हसणंच ऐकू आलं. मी पदर खाली घेतला. "मग दोन थेंब तुम्हीच आधी घ्या."

पुढच्या चौकशीत फारसं विचारावं लागलं नाही. बैल नांदेडजवळच, विष्णुपुरीकडच्या एका शेडमध्ये होते, सीमेपार जायच्या तयारीत. आम्ही सगळे सोडवले. पंचांसमोर ओळख पटवायला त्या शेतकरी मावशीला नेलं. तिनं दारातूनच "नवाब!" म्हणून हाक मारली आणि बरगड्या निघालेला तो बैल दोन शिपायांना ढकलत तिच्यापाशी आला. तिच्या हातातली पेंड त्यानं पिशवीसकट ओढली. मावशी रडत रडत त्यालाच झापत होती, "एवढा घोडा झालास, आन् लस म्हटल्यावर गेलास व्हय रे?"

पंचनाम्यात मी एवढंच लिहिलं: ओळख पटली. रीतसर सुपूर्दनाम्यावर नवाब घरी गेला.

लातूरहून फोन आला. "काय मॅडम, टोळी शेवटी कुणाच्या जिल्ह्यात निघाली?"

"माझ्याच," मी म्हटलं. पण त्या दिवशी मला त्याचंही हसूच आलं.

त्यानंतर नोकरीत आलेख पुष्कळ आले. कुणी उंच खांब दाखवून माझ्यासमोर फुशारला की मी आधी एकच विचारायची, आणि शाखेत सगळ्यांना त्याचा अर्थ कळायचा: "हे गाव आहे, की बैल?"