पहिला रेडिओ कांताबाईंना विचारून

कांताबाईंची आणि माझी पहिली भेट वर्गात झाली. त्या वर्गात शिकवणारा मी होतो आणि शिकायला आलेल्या कांताबाई होत्या. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण जालना जिल्ह्यातल्या आजच्या हौशी रेडिओवाल्यांना ते पटत नाही. परवा एका नवख्या गृहस्थांनी मला विचारलं, "सर, तुम्ही पण काकींच्याच हाताखाली तयार झालात का?" त्याचं उत्तर या गौरवग्रंथातल्या लेखात देतो.

मी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवत असे आणि रविवारी सकाळी हौशी रेडिओच्या सरकारी परीक्षेचा वर्ग घेत असे. ही परीक्षा देऊन परवाना मिळाला, की स्वतःच्या यंत्रावरून जवळच्या-लांबच्या माणसांशी केवळ आवडीपोटी बोलता येतं. यात ना धंदा, ना बिल. माझ्या वर्गाला बहुतेक तरुण येत. एका रविवारी साठीच्या, डोक्यावर पदर घेतलेल्या एक बाई पहिल्या बाकावर येऊन बसल्या. मस्तगड भागातल्या बियाण्यांच्या दुकानामुळे मी त्यांना चेहऱ्याने ओळखत होतो. घराणं मूळचं राजस्थानातलं, पण पिढ्यान्‌पिढ्या जालन्यात रुजलेलं. पतीच्या माघारी दुकानाचा गल्ला त्यांनीच सांभाळलेला. मी विचारलं, "आपण कशा काय इकडे?"

"दुकान आता मुलं बघतात, सर," त्या म्हणाल्या. "इतके साल गिऱ्हाइकाशी बोलले. आता दिवसभर बोलायला कोणी न्हाई. म्हटलं, हे शिकावं."

तास संपता संपता त्यांनी विचारलं, "सर, हातात धरायचा तो दोन बँडवाला रेडिओ घ्यायचा तर कोणता घ्यावा?" प्रश्न माझ्या आवडीचा होता. एकाच हँडसेटमध्ये दोन बँड, म्हणजे लहरींचे दोन पट्टे, कशाला असतात, मोकळ्या शिवारात कोणता लांब जातो, भिंती-इमारतींच्या दाटीत कोणता बरा चालतो, हे मी समजावलं. मग फळ्यावर तक्ता काढला. प्रक्षेपणाची ताकद, बॅटरी, अँटेना, क्षीण आवाज पकडण्याची कुवत. पुढच्या रविवारचा अर्धा तासही त्यातच गेला. कांताबाईंनी सगळं मन लावून ऐकलं आणि शेवटी विचारलं, "मंग कोणता घेऊ?"

वर्ग हसला. मीही हसलो. पण त्या हसण्यात वर्ग जो त्यांच्या बाजूला सरकला, तो पुन्हा माझ्याकडे आला नाही.

परवाना मिळाल्यावर कांताबाईंनी काय केलं, ते आपल्या हौशी रेडिओ मंडळातल्या सर्वांना ठाऊक आहे. रोज दिवेलागणीला त्या रेडिओवर येतात आणि एकेकाची हजेरी घेतात. कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणाच्या विहिरीवरची मोटार जळाली, कोणाच्या मुलीचं लग्न ठरलं, हे त्यांच्या लक्षात असतं. पण त्यांचं खरं काम मी वेगळं मानतो. या जिल्ह्यात नव्याने परवाना मिळालेला माणूस पहिला हँडसेट घेण्याआधी कांताबाईंकडे जातो. माझ्याकडेही येतो, पण माझ्याकडून माहिती घेतो आणि रेडिओ त्यांना विचारून घेतो.

त्यांची रीत दुकानातली आहे. बियाणं घ्यायला आलेल्या शेतकऱ्याला त्या कधी आधी पिशवी दाखवत नसत. जमीन कशी, पाणी किती, राखणीला कोण, हे विचारत. तेच इथे. माझ्या स्वतःच्या गावचे, वाटूरचे, फाट्यावर हॉटेल चालवणारे एक गृहस्थ परवाना घेऊन आधी माझ्याकडे आले होते. मी त्यांना चांगली सकाळभर समजावलं. ते माझ्या पाया पडले आणि तिथून थेट मस्तगडात गेले. कांताबाईंनी त्यांना एवढंच विचारलं:

"बोलणार कुठून? गच्चीवरून का हॉटेलातून?"

"हॉटेलातून, काकी. गिऱ्हाईक कमी असलं की."

"हॉटेलात गलका असतो. लाइट टिकते का?"

"न्हाई टिकत."

"मंग मोठ्या आवाजाचा घ्या आणि त्याच्यासोबत दुसरी बॅटरी घ्या. बाकी काय बघू नका."

ते गृहस्थ आजही गावात सांगतात, की रेडिओ घ्यावा तर काकींना विचारून. माझ्याच गावात, माझ्याच पारावर. मी तिथे बसलेला असतो.

त्यांच्या तत्त्वनिष्ठेविषयीही लिहिलं पाहिजे. परवाना हातात आल्याशिवाय त्या कोणालाही हँडसेटचं नाव सांगत नाहीत. एकदा त्यांच्या सख्ख्या दिरांनी शेतावर वापरायला असे दोन रेडिओ मागवून द्या म्हणून गळ घातली. मी तिथेच बसलो होतो. "भाईसाब, गड्याला हाका मारायला हा रेडिओ न्हाई," कांताबाई म्हणाल्या. "परीक्षा द्या. सर शिकवतील." दीर रागावून गेले आणि पुढच्या रविवारी माझ्या वर्गात येऊन बसले. पास झाल्यावर पेढे मात्र त्यांनी वहिनींना दिले. मला त्यातला एक मिळाला, तोही कांताबाईंच्या हातून.

आता वाचक म्हणतील, सर नुसते चरफडत आहेत. कांताबाई कधी चुकल्याच नाहीत का? चुकल्या. आणि त्या चुकीनेच मला सर्वांत जास्त छळलं.

वडीगोद्रीला हायवेच्या कडेला टायरचं दुकान असलेल्या एका सद्गृहस्थांना त्यांनी एक स्वस्तातला हँडसेट सुचवला. मी कांताबाईंना आधीच म्हणालो होतो, "त्या दुकानामागे मोबाइलचा टॉवर आहे. इतक्या जवळच्या जोरदार लहरींनी या सेटचे कान बधिर होतील." त्या म्हणाल्या, "नवीन माणूस आहे, सर. आधी हलकाच घेऊ द्या." व्हायचं तेच झालं. दुकानात रेडिओवर खरखरीशिवाय काही ऐकू येईना. मी खरं सांगतो, मला आनंद झाला. आता तरी लोकांना कळेल, असं वाटलं.

मंडळाच्या महिन्याच्या बैठकीत कांताबाई आपणहून उभ्या राहिल्या. स्वतःचा चांगला हँडसेट त्यांनी त्या टायरवाल्यांच्या हातात दिला, त्यांचा बिघडल्यासारखा वागणारा सेट स्वतःकडे घेतला आणि म्हणाल्या, "सरांनी सांगितलं होतं. मीच ऐकलं न्हाई. माझ्या घराजवळ टॉवर न्हाई, तिथं हा बराबर चालेल." सगळी बैठक गहिवरली. टायरवाल्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. बरोबर मी होतो आणि टाळ्या त्यांना मिळाल्या. चहाच्या वेळी एकानेही येऊन म्हटलं नाही, की सर, तुमचा टॉवरचा मुद्दा अचूक होता. एकट्या कांताबाई आल्या आणि तेवढंच म्हणाल्या. त्याने तर मी अधिकच जळलो.

तरीही हे सगळं बाहेरचं होतं. मागच्या वर्षी ते माझ्या घरात आलं.

माझी पत्नी सुमन आयुष्यभर माझ्या तारा आणि खोकी आवरत आली. मागच्या वर्षी तिने अचानक जाहीर केलं, की ती परीक्षा देणार. अभ्यास माझ्याकडूनच केला, आणि मी तो जीव ओतून घेतला. संभाजीनगरला जाऊन तिने परीक्षा दिली, पास झाली, यथावकाश परवाना आला. तिच्यासाठी कोणता हँडसेट घ्यायचा, हे मी केव्हाच ठरवून ठेवलं होतं. लहरींचं उत्तम ग्रहण, मजबूत बांधणी, धूळ-पाण्याला दाद न देणारा. मी स्वतःसाठीही इतका विचार कधी केला नव्हता. मी तिला त्याची माहिती वाचून दाखवली. ती म्हणाली, "चांगला असंल. मंग उद्या काकींना विचारून येऊ."

"काकींना कशाला? मी आहे ना घरात."

"तुम्ही हायेत हो," ती म्हणाली. "पण सगळेच विचारतात त्यांना."

मस्तगडात कांताबाईंनी लाकडी तक्तपोसावर चार हँडसेट मांडून ठेवले होते. ओळखीच्या लोकांकडून मागून आणलेले. त्यांत मी निवडलेलाही होता. मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मग माझ्याकडे पाठ करून दोघी बसल्या.

"सुमन, चष्मा काढ. आता आवाज वाढवून दाखव."

सुमनने एकेका सेटवर चाचपडून पाहिलं.

"आता बोलायचं बटण दाबून धर आणि तुझ्या माहेरचं सांग. सोडायचं न्हाई."

रेडिओ बंदच होते. नुसतं बटण धरून बोलायचं होतं. माझा सेट हातात घेऊन सुमन बोलू लागली. माहेरची विहीर, धाकटी बहीण. पण बहिणीचं नाव येईतो तिचा अंगठा थरथरू लागला आणि बटण सुटलं. मजबूत बांधणीच्या सेटचं बटणही कडक असतं. तिने दुसरा घेतला, तिसरा घेतला. चौथ्या सेटवर मात्र ती चहा येईपर्यंत बोलत राहिली. "हा बरा हाय," ती म्हणाली.

तेव्हा कांताबाई माझ्याकडे वळल्या. "सर, हा ऐकायला कसा आहे? ते तुम्हीच सांगायचं. मला त्यातलं कळत न्हाई."

सेट साधा होता, पण ग्रहण ठीक होतं. मला "चांगला आहे" म्हणावं लागलं.

परतताना रिक्षात मी सुमनला विचारलं, "अंगठा दुखतो हे मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं की. तुम्ही तवा अँटेनाचं माप काढून राह्यले होते."

"आणि त्यांना कधी सांगितलंस?"

"त्यांना कुठं सांगितलं? मागं एकदा चहाचा कप मी दोन्ही हातांनी धरला, ते त्यांनी बघितलं असंल."

घरात रोज तो कप माझ्यासमोर असतो.

सेट आला त्या संध्याकाळी सुमन गच्चीवर गेली. नव्या माणसाची पहिली हाक आपल्याला येणं, हा आमच्यात मान असतो. ती पहिली हाक कोणाला घालणार, हे मला माहीत होतं, म्हणून मी मागच्या खोलीत माझा रेडिओ लावून बसलो. म्हटलं, निदान ऐकू तरी. दिवेलागण झाली. जिल्ह्यातले सगळे हजेरीसाठी कान लावून बसण्याची ती वेळ. सुमनने घसा साफ केला आणि कांताबाईंना त्यांच्या कॉल साइनने, म्हणजे रेडिओवरच्या सरकारी नावाने, हाक घातली.

उत्तर आलं नाही.

तिने पुन्हा हाक घातली. पुन्हा शांतता. इतर कोणी मध्ये बोलेना, कारण हाक त्यांना नव्हती. तिसऱ्या वेळी तिचा आवाज बारीक झाला. "कोणी ऐकतंय का?" तिने विचारलं.

मी माझी कॉल साइन दिली.

मग तिने मी शिकवला होता तसाच, नियमाप्रमाणे प्रश्न केला, "आपलं नाव सांगा."

"माझं नाव दत्तात्रय. ठिकाण जालना."

नाव ऐकल्यावर समोरच्याने ते परत उच्चारायचं असतं, नीट पोचल्याची खूण म्हणून. हेही मीच शिकवलेलं. लग्नापासून आजवर सुमनने माझं नाव घेतलं ते फक्त उखाण्यात, तेही बायकांनी अडवून धरल्यावर. रेडिओवर थोडी खरखर झाली. मग ती म्हणाली, "दत्तात्रय. नाव बराबर आलं. माझं नाव सुमन." आणि बटण सोडून ती माझ्या बोलण्याची वाट पाहू लागली.

मी बटण दाबलं. "आवाज कसा येतोय?" एवढंच विचारलं.

"साफ येतोय," ती म्हणाली. "इथं एक चांगलं हाय. एकजण बोलून बटण सोडतो, तवाच दुसऱ्याला बोलता येतं. घरात तुम्ही सोडतच न्हाई."

सगळा जिल्हा ऐकत होता. पुढे आम्ही बराच वेळ बोललो. काय बोललो ते इथे लिहीत नाही. ज्यांनी ऐकलं त्यांनी ऐकलं. हजेरी त्या दिवशी झालीच नाही.

दुसऱ्या दिवशी मी मस्तगडात गेलो. "कांताबाई, काल आपण रेडिओवर नव्हतात."

"बॅटरी उतरली होती, सर."

नव्या माणसाला बॅटरी भरलेली ठेवा म्हणून ज्या दर भेटीत बजावतात, त्यांच्या रेडिओची बॅटरी नेमकी हजेरीच्या वेळी उतरली. त्यांनी दुकानातल्या मुलाला चहा सांगितला आणि माझ्या मोतीबिंदूची चौकशी सुरू केली. ती गोष्ट त्यांनी नंतर कधी काढली नाही, कोणाला सांगितली नाही. मी त्यांची परवानगी न घेता इथे सांगतो आहे. हक्काने मिळणारा मान असा गुपचूप दुसऱ्याच्या हाती ठेवणं मला आजवर जमलेलं नाही, आणि या एका बाबतीत त्यांचा मला जितका हेवा वाटतो, तितका त्यांच्या लोकप्रियतेचाही वाटत नाही.

कांताबाई आज पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. त्यांचा आवाज खणखणीत आहे, स्मरण माझ्यापेक्षा चांगलं आहे, जिना त्या कठडा न धरता चढतात. हे सगळं असंच राहो, त्यांना उदंड आयुष्य लाभो, अशी मी मनापासून प्रार्थना करतो. सोबत स्वतःसाठीही थोडं मागतो. त्यांची शंभरी होईल तेव्हा पुन्हा असा ग्रंथ निघेल, आणि त्यातला त्यांच्यावरचा लेख दुसऱ्या कोणी लिहिलेला मला सहन होणार नाही.