पडद्यामागची पाटोडी

मी काही गोड बोलणारी बाई नाही, आधीच सांगून ठेवते. ज्याले गोड ऐकायचं असन त्यानं रायपूरच्या शंकर नगरात जावं. तिथं सगळे गोडच बोलतात, अन् त्याच तोंडानं माणसाले उष्ट्या पत्रावळीसारखं बाजूले सारतात. मी सांगून राहिली ते आमच्या जाऊबाईचं, कांताबाई रामटेकेचं. माझा नवरा लोकेश अन् तिचा नवरा दयाराम सख्खे भाऊ. बीरगांवात एकाच अंगणात आमचे दोन दरवाजे आहेत.

कांताबाई म्हणजे गरीब गाय. दयारामभाऊ जवळच्या उरला गावच्या कारखान्यात भट्टीवर, अन् ही तिथल्याच चाळीस माणसांचे डबे करते. एखादा उपटसुंभ म्हणते, "बाई, भाजी खारट होती." ही म्हणते, "हव भैया, उद्या पाहीन." अन् भाजी खारट नसतेच! मी खाल्लेली असते ना! मले असा राग येते का त्या भैयाले डब्यात नुसतं मीठच भरून द्यावं. पण हिचं आपलं हव अन् हव. रागावून ती कधी मोठ्यानं बोलली असं मी लग्न होऊन आल्यापासून ऐकलं नव्हतं.

तिची पोट्टी साक्षी. गरिबांच्या कोट्यातून नर्सरीतच शंकर नगरच्या मोठ्या शाळेत तिची चिठ्ठी निघाली, ती आता बारावीत आली. घरात आम्ही मराठीत बोलतो, ती हिंदीत उत्तर देते. खेळते हँडबॉल, अन् गोलवर उभी राहते. समोरून बॉल सणसणत येते तरी डोळा मिटत नाही. हे काही आईचं नाही, काकूचं घेतलं असन.

त्या शाळेत पालक-शिक्षक संघ आहे. फी घेऊन शाळा शिकवते. पण जर्सी, बॉल, बँडचे ढोल, विज्ञानाच्या प्रदर्शनाचं सामान, स्पर्धेले जायची बस, हे सगळं संघाच्या पैशातून होते. त्यासाठी दरवर्षी आनंद मेळा भरवतात. आया आपापले स्टॉल लावतात अन् वर पाटी असते, अमकीच्या हातचं तमकं. कल्पना चांगली आहे, मी वाईट कायले म्हणू? संघ नसता तर आमच्या साक्षीनं कधी गावाबाहेरचं मैदान पाहिलं नसतं.

साक्षी दहावीत होती तेव्हा कांताबाईनं पहिल्यांदा स्टॉल लावला. पाटीवर लिहिलं, 'कांताबाई रामटेके यांच्या हातची पाटोडी'. रायपूरच्या लोकांनी कुठं खाल्ली होती पाटोडी! बेसनाची वडी, वर खसखस-खोबरं, अन् लाल तर्रीचा रस्सा. लोक नाक पुसत पुसत दुसरी प्लेट मागत होते. हिंदीवाल्यांले रामटेके काय अन् बिस्कीट काय, सगळं सारखंच. आडनाव वाचलं ते आपल्याच एका मराठी बाईनं.

देवश्री मॅडम. संघाची अध्यक्ष. माहेर अमरावतीचं, नवरा मोठ्या ऑफिसात. तिनं प्लेट हातात घेतली, पाटी वाचली अन् गोड हसून विचारलं, "रामटेके म्हणजे भंडाऱ्याकडचे का तुम्ही? चौदा एप्रिलले मिरवणुकीत असता का?" कांताबाई भोळेपणानं म्हणे, "हव ताई, दरसाल." मॅडमनं प्लेट तशीच टेबलावर ठेवली. म्हणे, आज माझा उपास आहे. तासाभरानं तिलेच मी समोसा खाताना पाहिलं. आता बोला!

दुसऱ्या वर्षी मॅडमचा फोन आला. "कांताबाई, यंदा तुम्ही मागं पडद्याआड बसून निवांत बनवा. पुढं बसायले बोलकं माणूस लागते." निवांत! दोनशे प्लेट पाटोडी, अन् निवांत! आम्ही दोघी मागं चुलीपुढं घामानं न्हाऊन राहिलो, अन् पुढं जरीची साडी नेसून देवश्री मॅडम. वर पाटी काय? 'देवश्री मॅडमच्या हातची खास पाटोडी'. लोक म्हणत, "वाह भाभीजी, आपके हाथ में तो जादू है." अन् ही भवानी लाजत होती! पडद्याआडून सगळं ऐकू येत होतं. अन् एक सांगते, त्या दिवशीही तिनं पाटोडी खाल्ली नाही.

घरी आल्यावर मी कांताबाईले फैलावर घेतलं. "काहून गप बसली तू? तुझ्या हातचं चालते अन् तुझं नाव नाही चालत? थूत् त्या मेळ्यावर!"

ती पातेलं घासत म्हणे, "रीना, नावाचं काय घेऊन बसली? मेळा होईन तर बस होईन. बस होईन तर पोट्टी जाईन. मले बाकी काही नको."

 त्या वर्षी पोट्टी गेली बिलासपूरले, मेडल घेऊन आली. कांताबाईनं ते मेडल डब्यावाल्या चाळीसही लोकांले दाखवलं. माझा राग मात्र मनातून गेला नाही.

यंदा साक्षीचं शेवटचं वर्ष. स्पर्धा जगदलपूरले. राज्याच्या टीमची निवड तिथूनच होणार होती, म्हणजे इथं गेली नाही तर खेळ संपला. मेळा झाला, पुन्हा आम्ही मागं अन् मॅडम पुढं. चार वाजेपर्यंत अर्ध्याच्या वर पाटोडी संपली. तेवढ्यात खेळाचे स्वानंद सर पडद्यामागं आले. हातात कागद, अन् तोंड असं का जसं कोणाच्या मयतीले आले.

"कांताबाई, बस नाही होत आहे," ते म्हणे. "संघानं यंदा पैसा स्टेजवर अन् मुंबईच्या अँकरवर लावला. लहान गाडी करून राहिले, चौदा नाही, दहाच पोरी जातील. संघाचा नियम आहे, ज्यांच्या पालकांनी स्टॉल लावला त्यांच्या पोरी आधी. दुसऱ्या गोलकीपरच्या आईचा भेळेचा स्टॉल आहे." मग खाली पाहत म्हणे, "साक्षीचं नाव नाही यात."

 कांताबाई म्हणे, "सर, मी तीन वर्षांपासून इथं..." सर म्हणे, "मले माहीत आहे हो. पण मी काय करू, माझी नोकरी कच्ची आहे." अन् गेले. खेळाचा सर म्हणे! पाठीचा कणा पाहा!

आम्ही दोघी तशाच, बेसनाच्या हातानं, मॅडमकडं गेलो. साक्षी तिथंच टीमच्या पोरींसोबत प्लेटा वाटून राहिली होती. मॅडमनं रजिस्टर उघडून दाखवलं. "पाहा ना कांताबाई, स्टॉलच्या यादीत तुमचं नावच नाही. पाटोडीच्या पुढं माझं नाव आहे. मी नियम कसा मोडू? तुम्हीच सांगा." अन् वरून हसली. मले तेव्हा समजलं. पोट्टी बारावीची, पुढच्या वर्षी शाळेत नाही, म्हणजे आईही मेळ्यात येणार नाही. काम संपलं का फेकून द्या. मॅडमले वाटलं, ही नेहमीसारखी हव म्हणून चुलीकडं वापस जाईन.

साक्षीनं ऐकलं होतं. ती आईचा पदर ओढत म्हणे, "मम्मी, छोड़ो ना. तमाशा मत करो. नहीं जाना मुझे." पण तिच्या डोळ्यात पाणी आलं होतं. बॉल तोंडावर आला तरी न मिटणारे डोळे, त्यात पाणी! ते कांताबाईनं पाहिलं.

ती सरळ स्टेजवर चढली. अँकरच्या हातातला माइक तिनं काढून घेतला, मागितला नाही.  शप्पथ सांगते, ही बाई माइकमध्येही 'हव' म्हणून खाली उतरते का काय असं वाटलं.

"आप लोगों में से पाटोडी किसने खाई?" ती म्हणे. "जिसने खाई, हाथ ऊपर करो."

लोकांले वाटलं काही बक्षीस आहे. हसत हसत हात वर झाले. प्राचार्यांचा, त्यांच्या बायकोचा, एका सराफाच्या घरच्या बायांचा, शंभर-दीडशे हात झाले असतील.

"अच्छी थी?"

"बहुत अच्छी!" एकानं ओरडून सांगितलं.

"वह मेरे हाथ की थी. देवश्री मैडम ने एक वड़ी भी नहीं बनाई, न पिछले साल, न इस साल. मेरा नाम कांताबाई रामटेके है. बीरगांव में रहती हूँ. मेरे घर में बुद्ध भगवान और बाबासाहेब की फोटो है. मेरा नाम नहीं चलता, इसलिए मुझे परदे के पीछे बिठाया. और अब नाम नहीं है, इसलिए मेरी बेटी को गाड़ी से उतार दिया."

 अन् मग ते हात खाली यायले लागले. आधी पुढच्या खुर्च्यांवरचे, मग मागचे. मी डोळ्यानं पाहिलं. एक बाई उठून नळावर गेली अन् चूळ भरायले लागली. अर्ध्या तासापूर्वी तिनंच तर्री वाढवून मागितली होती! मले वाटलं, रश्श्याचा आख्खा गंज तिच्या डोक्यावर ओतावा. काही हात वरच होते, नाही असं नाही, पण मोजले तर दोन्ही हाताच्या बोटांत बसले असते.

कांताबाई माइक सोडायले तयार नाही. म्हणे, "मॅडम, रजिस्टर वर आणा. सगळ्यांसमोर माझं नाव लिहा. तोपर्यंत मी इथून हलत नाही."

देवश्री मॅडमचं तोंड पांढरंफटक. दहा-बारा मोबाइल शूटिंग करून राहिले होते. प्राचार्य घाईनं तिच्या कानाशी लागले, मी जवळच होती, सगळं ऐकलं. "लिख दीजिए मैडम, वीडियो बाहर चला गया तो स्कूल को भारी पड़ेगा." न्यायबीय काही नाही हो, नुसती भीती! पण आम्हाले काय, भीतीनं तर भीतीनं. मॅडमनं स्टेजवर येऊन आपल्या नावावर रेघ मारली, खाली कांताबाई रामटेके लिहिलं. स्वानंद सर धावत आले, यादीत साक्षीचं नाव टाकलं. आता मात्र त्यांले पाय फुटले होते.

मॅडम दात खात म्हणे, "कांताबाई, एवढा चांगला कार्यक्रम होता. सगळ्यांच्या तोंडाची चव घालवली तुम्ही."

कांताबाईनं माइक अजून तोंडासमोरच धरला होता. ती सगळ्या मैदानाले ऐकू जाईन अशी म्हणे, "तुम्ही तर खाल्लीच नाही, तुमची चव कशी गेली? ते राहू द्या. गाडी किती वाजता निघते, तेवढं सांगा."

"साडेपाचले," मॅडम म्हणे. "सकाळी."